मावशींच्या आठवणी सांगण्यासाठी सगळे नातेवाईक जमणार आहेत. मी थट्टेचा प्रसंग सांगितला तर चालेल का?

आपल्या मावशी गेल्या, येत्या रविवारी घरची मंडळी त्यांच्या आठवणी सांगण्यासाठी जमणार आहेत आणि आपल्याला आठवणारा प्रसंग थट्टेचा असल्यामुळे तो सांगावा की नाही हे ठरत नाही, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो अवश्य सांगावा. ‘फार प्रेमळ होत्या, सुगरण होत्या, सगळ्यांचे करायच्या’ हे सांगणारे दहाजण तिथे असतीलच, त्यांत आपली भर नको.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण गेल्या वर्षी आमची बेबीआत्या गेली तेव्हा मी नेमका असाच प्रसंग सांगितला आणि त्यावरून माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, माझ्याशी चार महिने बोलत नव्हता. निधनशांत झाली होती, गोडाचे जेवण आटोपले होते आणि नारायण पेठेतल्या घरी आम्ही वीस-बावीस माणसे सतरंजीवर बसलो होतो. पहिला अर्धा तास बेसनाच्या लाडवांत गेला. आत्याच्या हातच्या लाडवांची चव पुन्हा मिळणार नाही, असे तिघांनी सांगितले. ते लाडू दर दिवाळीला मागच्या आळीतल्या एक बाई करून देत असत आणि आत्या त्यांचे पैसे रोख चुकते करी, हे त्या खोलीत निदान चौघींना ठाऊक होते. कोणी बोलले नाही. मीही नाही.

त्यानंतर पानशेतचा पूर आला, तो येणारच होता. १२ जुलै १९६१ रोजी आधी पानशेतचे आणि त्यामागोमाग खडकवासल्याचे धरण फुटले, नारायण पेठेत पाणी शिरले, त्या वेळी आत्याने देव्हारा डोक्यावर घेऊन घर सोडले, असे माझ्या धाकट्या चुलतबहिणीने डोळ्यांत पाणी आणून सांगितले. तिचा जन्म १९६६ सालचा. देव आजीने पदरात बांधून नेले होते. आत्या त्या वेळी बावीस वर्षांची होती, टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देण्याच्या कामावर, नुकतीच लागली होती आणि पाणी चढले तेव्हा ती कामावर होती. घर ओले, पिण्याच्या पाण्याची मारामार, जुन्या विहिरींवर रांगा, अशा दिवसांत ती हेडफोन लावून बसे आणि बाहेरगावच्या माणसांचा एकच प्रश्न ऐके की, आमची माणसे आहेत का. हे तिने मला दोन-तीनदा सांगितले होते, तेही मी विचारले म्हणून. ती १९९७ साली निवृत्त झाली. तिच्या आयुष्यातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्या दुपारी, मी बोलेपर्यंत, एक वाक्यही उच्चारले गेले नव्हते, कारण नोकरीच्या आठवणीने कोणाचे डोळे भरून येत नाहीत.

म्हणून मी बोलले. ज्यांनी ट्रंक कॉल लावलेले आहेत त्यांना आठवत असेल की, दर तीन मिनिटांनी मध्येच ऑपरेटरचा आवाज येई. आत्याची ती सवय घरीही सुटली नव्हती. कोणी आपल्या जावेची गाऱ्हाणी लांबवू लागले की ती ताटावरून मान वर न करता ‘तीन मिनिटे झाली’ असे म्हणे आणि समोरचा माणूस हसत किंवा रागावत, पण गप्प होई. यावर सगळे हसले. त्या हसण्याने मला धीर आला आणि मी दादाच्या कर्जाची गोष्ट सांगितली.

एप्रिल २००४ मध्ये दादाने कोथरूडच्या फ्लॅटसाठी आत्याकडून चाळीस हजार रुपये घेतले आणि बरोबर तीन वर्षांनी परत केले. आत्याने पाकीट मोजले आणि वर चार हजार दोनशे मागितले. त्या काळी बचत खात्यावर साडेतीन टक्के व्याज मिळत असे, तेवढेच तिने सरळ व्याजाने धरले होते. ‘बँकेत पडून असते तर एवढे मिळाले असते. तुझ्याकडून फायदा नको, पण तोटाही मी का सोसायचा?’ असे ती म्हणाली. दादाने ते पैसे दिले. त्याच वर्षी डिसेंबरात, रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षे भारतीय बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या आत्याने प्रथमच खुर्चीचे तिकीट काढले. गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांना सांगितले, आणि मला कानात सांगितले की ही दादाची खुर्ची आहे. तिच्या इतक्या वर्षांच्या सहवासात ती मला सर्वांत जास्त आवडली असेल तर त्या संध्याकाळी.

दादाचे म्हणणे असे की, गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे. मी वाईट काय बोलले, हे त्याने अजूनही सांगितलेले नाही. आमच्या घरात एकट्या, मिळवत्या बाईचे पैसे हे सगळ्यांचेच असतात असे गृहीत धरले जाई. ते गृहीत न धरू देणारी ती पहिली बाई होती आणि हे मला तिच्या लाडवांपेक्षा कौतुकाचे वाटते. त्याला चांगले वाटत नसेल तर त्याचे कारण आत्या नव्हे, ज्याच्याकडून व्याज घेतले गेले तो माणूस आहे. माझी मोठी वहिनी मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली की, आत्यांनी मलाही त्याच दराने पैसे दिले होते आणि त्यामुळे परत करताना मला मिंधे वाटले नाही.

आता आपल्याविषयी. प्रसंग सांगा, पण मावशींनी उच्चारलेले एखादे वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगता आले तर पाहा. तीन मिनिटांत संपवा. प्रसंगात दुसऱ्या कोणाचे नाव येत असेल, विशेषतः पैशाच्या संदर्भात, तर त्या माणसाला आधी विचारावे. मी विचारले नव्हते, ती माझी चूक, हे मान्य आहे. आपल्या मावशींची मुले समोर असतील आणि जाऊन महिनाही झाला नसेल, तर थट्टा त्यांना झेपेल की नाही याचा अंदाज मात्र आपणच घ्यायचा आहे, त्यात माझा उपयोग नाही. आत्याला मुले नव्हती.

दादा हल्ली बोलतो. गेल्या महिन्यात त्याने फोनवर मला सांगितले की, मुळात रक्कम चाळीस नव्हती, पस्तीस हजार होती, आणि मी चारचौघांत आकडा फुगवून सांगितला. आत्याची हिशेबाची वही माझ्या कपाटात आहे. त्या पानावर चाळीसच आहेत आणि खाली दादाची सही आहे.