फॉल झालेली टीम जिंकली, हिट झिरोवाली हरली, असं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सीनियर चीअरलीडिंग टीममध्ये बेस आहे, म्हणजे स्टंटमध्ये खाली उभी राहून वरच्या मुलीला उचलणारी, एका मोठ्या नॅशनल्सला त्यांचं रूटीन एकही डिडक्शन (चुकीसाठी कापलेले पॉइंट) न होता, म्हणजे हिट झिरो, गेलं, आणि ज्यांचा एक स्टंट सगळ्यांसमोर खाली आला, म्हणजे फॉल झाला, ती टीम पहिली आली. पोरगी हॉटेलवर येऊन रडली. तुम्ही विचारताय की जजेस विकले गेलेत का, आणि सगळ्या टीम एकच एक स्टंट का करतात. मी टेक्सासमध्ये बरीच वर्षं, आधी चीअर मॉम म्हणून आणि मग लहान मुलींच्या टीमची असिस्टंट म्हणून यात आहे, आणि माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे स्कोअरशीट, जजेस मार्क देतात तो तक्ता.

आधी जजेसचं. ते विकले गेलेले नसतात. बहुतेक जण जुने चीअरलीडर किंवा कोच असतात, समोरच्या टेबलवर बसून अडीच मिनिटांचं रूटीन बघतात आणि पुढची टीम फ्लोअरवर यायच्या आत आकडे टाकतात. बिल्डिंग (स्टंट-पिरॅमिड) बघणारे वेगळे, टम्बलिंगचे (कोलांट्यांचे) वेगळे आणि फॉल मोजून डिडक्शन लावणारे वेगळे. त्यामुळे स्टंट पडला म्हणून त्या टीमची डिफिकल्टी (किती अवघड केलं याचे मार्क) शून्य होत नाही, बाकीच्या ग्रुपनी जे मारलं त्याचं क्रेडिट मिळतं आणि पडल्याचे पॉइंट वेगळे कापले जातात. समजा त्यांनी स्टंट, पिरॅमिड, बास्केट (मुलीला हवेत फेकून झेलणं), रनिंग टम्बलिंग सगळीकडे तुमच्यापेक्षा थोडं थोडं वरचं घेतलं असेल, तर त्या थोड्या थोड्याची बेरीज एका फॉलपेक्षा सहज जास्त होते. शिवाय दोन दिवसांच्या बऱ्याच स्पर्धांत पहिल्या दिवसाला २५ टक्के आणि दुसऱ्या दिवसाला ७५ टक्के वजन असतं. तुम्ही पाहिलेला फॉल पहिल्या दिवसाचा असेल तर तो चौथाईच मोजला गेला. हे कुणी पालकांना धड सांगत नाही आणि मग अवॉर्ड्सच्या वेळी अख्ख्या स्टँडमध्ये कुजबुज सुरू होते.

माझा खरा राग त्या शीटवर आहे. डिफिकल्टी नुसत्या स्किलवर मिळत नाही, ते स्किल एका वेळी किती ग्रुपनी मारलं यावर मिळते. २० जणींच्या टीममध्ये ४-४ चे ५ ग्रुप होतात. त्यातले तीन दणकट असतात, चौथा चालून जातो, आणि पाचव्या ग्रुपला ते स्किल अजून येत नसतं, पण पाचवा वर गेला तर मार्कांची रेंज बदलते म्हणून त्यांनाही वर पाठवतात. तुम्ही प्रॅक्टिसला बसत असाल तर तो पाचवा ग्रुप तुम्हाला माहीत असेल, दर वेळी पोटात गोळा येतो त्यांच्याकडे बघताना. माझ्या पाहण्यात स्टंटिंगमध्ये डोक्याला मार लागतो तो बहुतेक अशाच अर्ध्या आलेल्या स्किलमध्ये, आणि तो फ्लायरलाच, म्हणजे वर जाणाऱ्या मुलीलाच, लागतो असं नाही, खाली झेलणाऱ्या बेसला आणि मागून आधार देणाऱ्या बॅकस्पॉटला कोपर-गुडघे खाऊन बसायला लागतं.

आता सगळे सारखेच स्टंट का करतात. दहावीच्या बोर्डाच्या पेपरात कुठल्या स्टेपला किती मार्क आहेत हे कळलं की क्लासवाले तेवढंच पाठ करून घेतात, इथेही तेच चालतं. शीटवर जे चढं धरलंय ते सगळे करणार. एखादी टीम खरंच नवीन काही काढते, उदाहरणार्थ नॉर्थ कॅरोलिनाच्या चीअर एक्स्ट्रीमची सीनियर एलिट अशा कल्पनांसाठी वर्षानुवर्षं ओळखली जाते, आणि पुढच्या सीझनला वर जायची तीच एंट्री, उलटं होण्याचा तोच इन्व्हर्जन गावोगावच्या चीअर जिममध्ये दिसतो, झेपो न झेपो. ज्यांनी काढलं त्यांच्याकडे ते करायला लागणारी ताकद आणि वर्षांची मेहनत असते, कॉपी करणाऱ्यांकडे फक्त इन्स्टाची क्लिप असते, आणि त्या क्लिपमध्ये ते स्किल एकदाच लागलेलं असतं, आधीचे दहा फॉल कुणी टाकत नाही.

वर्ल्ड्स (चीअरची जागतिक स्पर्धा) लेव्हलचं हाय टू हाय टिकटॉक घ्या, म्हणजे वरच्या वर पाय बदलण्याचा स्टंट. फ्लायर वर एका पायावर उभी, बेसचे हात डोक्यावर पूर्ण सरळ. मेन बेसच्या हातात तिची टाच आणि चवडा, साइड बेसचा हात तळव्याखाली, बॅकस्पॉटने मागून घोटा धरलेला. काउंटवर (संगीताच्या ठोक्यावर) तिघी एकदम दबतात, पाय सोडतात, क्षणभर ती पोरगी कुणाच्याच हातात नसते, आणि दुसरा पाय त्याच उंचीवर झेलायचा. चांगल्या ग्रुपमध्ये झेलल्यावर हात लगेच लॉक होतात, खाली एकही पाऊल हलत नाही, इतकं शांत दिसतं की काही अवघड झालंय असं वाटतच नाही. कच्च्या ग्रुपमध्ये पाय आधी कपाळापर्यंत घसरतो, मग तिघी दात-ओठ खाऊन दाबून वर ढकलतात, बॅकस्पॉट दोन पावलं मागे जाते, फ्लायर हसत राहते आणि लगेच पुढच्या पोझिशनला जाते. डिफिकल्टीच्या खात्यात दोन्ही ग्रुपच्या पदरात जवळजवळ सारखंच पडतं. फरक एक्झिक्युशनमध्ये (किती सफाईने केलं यात) दिसायला हवा, पण तिथे आकडे इतके चिकटून येतात की नीट करणाऱ्यांच्या हाती एखादं दशांश लागतं. हे मला अजिबात पटत नाही. ज्यांनी वर्षभर फक्त ते हात लॉक करायला शिकण्यात घालवलं त्यांच्यावर हा उघड अन्याय आहे.

आणि होल्ड, म्हणजे पोझमध्ये थांबणं, तर गेलाच. पूर्वी हील स्ट्रेच (एक पाय वर ताणून धरायची पोझ) म्हणजे वर जाऊन दाखवायचा, निदान दोन काउंट. आता स्ट्रेच, बो अँड अॅरो, स्कॉर्पियन अशा सगळ्या पोझ एकाच आठाच्या काउंटमध्ये उरकतात कारण पेस आणि कॉम्बिनेशनला किंमत आहे. जुने व्हिडिओ काढून बघा. त्यात लेव्हल ५ लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका, २०१९-२० च्या सीझनला नवी रचना आली तेव्हा वर्ल्ड्सची जुनी ५ ती ६ झाली. स्किल्स आजच्याइतकी नाहीत, पण प्रत्येक पोझिशन दिसते तरी. आता सगळा भर फ्लायरच्या लवचिकतेवर, पाय कानामागे गेला की टाळ्या, मग नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या कमरा ताणत बसतात, आणि खाली उभ्या असलेल्या तुमच्या मुलीसारख्या बेसकडे बघायला कुणाला वेळ नाही. मला विचाराल तर जजिंग शीटवर होल्डसाठी ठरलेले काउंट हवेत आणि एक्झिक्युशनचं वजन डिफिकल्टीच्या वर हवं.

नावाचा प्रभाव पडतो का, तर हो, मला वाटतं पडतो. स्टंट-टम्बलिंगच्या आकड्यांत नाही, तिथे ग्रुप मोजायचे असतात, पण क्रिएटिव्हिटी, कोरिओग्राफी, शोमनशिप असल्या खात्यांत मोठ्या जिमचा युनिफॉर्म बघून पेन वर जातं. शिवाय इथे बऱ्याच मोठ्या स्पर्धा भरवणारी, युनिफॉर्म विकणारी आणि शीट काढणारी कंपनी एकच, वर्सिटी. त्यांच्यावरचे मक्तेदारीचे दोन दावे २०२३ मध्ये ४३.५ मिलियन आणि २०२४ मध्ये ८२.५ मिलियन डॉलर्सना सेटल झाले, म्हणजे तक्रार करणारे तुम्ही एकट्या नाही. पण ते भांडण पैशाचं आणि बाजाराचं होतं, त्यावरून तुमच्या मुलीच्या टीमचा निकाल ठरवून दिला असा अर्थ काढू नका.

आता तुम्ही काय करायचं. जजेसकडे पालकांनी जायचं नसतं, जाऊही नका, स्कोअरबद्दल शंका असेल तर ती कोचनेच आणि ठरलेल्या वेळेतच विचारायची असते. कोचला शांतपणे विचारा की शीटवर आपण कुठल्या खात्यात कुठल्या रेंजमध्ये होतो आणि पहिल्या टीमशी फरक नेमका कुठे पडला. चांगला कोच शीट समोर ठेवून सांगतो. "पॉलिटिक्स आहे हो" एवढंच म्हणणाऱ्या कोचवर माझा विश्वास नाही. मुलीला हे जरूर सांगा की हिट झिरो म्हणजे तिने तिचं काम चोख केलं, डिफिकल्टी किती भरायची हे तिने नाही, कोच आणि कोरिओग्राफरने ठरवलं होतं.

ट्रायआउट (टीमची निवड) साधारण मे महिन्यात होतात आणि रूटीन उन्हाळ्यात बसतं, तेव्हा पाचव्या ग्रुपबद्दल बोलायची वेळ तीच, जानेवारीत बोलून काही होत नाही. आणि जिम बदलायचं खरंच मनात असेल तर त्यांच्या वर्ल्ड्स टीमचे बॅनर बघून ठरवू नका. हिवाळ्यातल्या एखाद्या छोट्या लोकल स्पर्धेला जाऊन त्यांची लेव्हल २ ची, म्हणजे खालच्या लेव्हलची, टीम बघा, तिथल्या बेसचे हात सरळ होतात का, झेलताना तिघींचे डोळे फ्लायरवर असतात का, आणि एखादा ग्रुप पडला तर कोच बाजूला उभा राहून काय बोलतो ते ऐका.