मांजर चावते आणि घरात तीन वर्षांची मुलगी: आधी परवाच्या जखमेचं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुमची माऊ चार वर्षांची, पिल्लू असल्यापासून तुमच्याकडे. आजवर कुणाला ओरखडलंसुद्धा नाही, आणि गेल्या महिन्याभरात तीन वर्षांच्या लेकीला चावायला लागली. लेकीने माऊच्या गालाला हात लावला की हमखास. सासूबाई म्हणतात मच्छी मार्केटात सोडून या. तुम्ही विचारलंय की ही सवय मोडायची कशी. आणि अगदी शेवटी लिहून गेलात की परवा लेकीच्या बोटात दात रुतले, रक्त आलं, हळद दाबली, आता बरं आहे.

माझं उत्तर त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतं. सवयीचं नंतर बघू.

मी डॉक्टर नाही, व्हेटही नाही. घरात मांजरं आणि लहान मूल एकत्र वाढवलेली बाई आहे. त्यामुळे औषधाबद्दल मी जे लिहीन ते डॉक्टरांना विचारूनच करा. पण आजच लेकीला घेऊन दवाखान्यात जा, एवढं मात्र मी ठामपणे सांगते.

जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. कातडीवर नुसता ठिपका दिसतो, पण दात खोल गेलेला असतो आणि वरचं भोक लगेच मिटतं. तोंडातले जंतू आतच राहतात. पाश्चुरेला नावाचा जंतू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच. तो वाढायला लागला की बारा ते चोवीस तासांत बोट लाल, गरम आणि ठणकणारं होतं. बोटात तर हाड आणि सांधा कातडीला लागूनच, म्हणून हाताचा चावा जास्त वाईट. परवाच्या चाव्यानंतर आज बोट मऊ आहे, नेहमीच्या रंगाचं आहे, लेक ते नीट वाकवते आहे, तर ही बाजू बरीचशी निभावली असं समजायला हरकत नाही. तरी दाखवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काखेत गाठ आली किंवा ताप आला तर मांजर चावलं होतं हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

रेबीजच्या बाबतीत जखम बरी दिसण्याला काहीही अर्थ नाही. भारतात माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळे, हे खरं. पण मांजरालाही तो होतो, आणि माणसात लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर उपचार नाही. दात कातडीतून आत गेला आणि रक्त आलं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तिसरी श्रेणी. त्यात लस तर द्यायचीच, शिवाय जखमेच्या आत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, द्यायचं. ते वजनावर मोजतात आणि बोटात जेवढं मावेल तेवढं भरतात. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर दुसरी श्रेणी, त्यात लस. माऊला लस दिलेली आहे असं तुम्ही लिहिलंय ते चांगलंच, तिचं कार्ड सोबत न्या. पण मांजराला लस आहे म्हणून मुलीला काही नको, हे घरी बसून ठरवू नका. दोन दिवस उलटलेत, आता काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर त्याचंही ऐकू नका. लस उशिरा सुरू केली तरी चालते. सीरम पहिल्या डोसबरोबरच देतात. राहून गेलं तर त्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच देता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती.

आमचा बोका मन्या माझ्या मुलाला चावला तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. उजव्या हाताचं मधलं बोट. आम्ही लगेच धुतलं आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कुठला ते लिहीत नाही. खिडकीवर विचारलं, कुत्रं का मांजर? मांजर म्हटल्यावर, घरचं का बाहेरचं? घरचं. "मग टीटी घ्या आणि जा." डॉक्टरांना भेटायचंच म्हणून मी अडून बसले तेव्हा आत सोडलं. डॉक्टरांनी बोट हातातही घेतलं नाही. म्हणाले, लस आहे, पण आज पेशंट एकच आहे, तुमच्यासाठी कुपी फोडली तर बाकीची वाया जाईल. चार-पाच जण जमले की देतो, परवा या. सीरमचं विचारलं तर ते आमच्याकडे नसतं एवढंच उत्तर. कुठे मिळतं ते सांगितलं नाही.

कुपीचं प्रकरण मला नंतर कळलं. लस दोन पद्धतींनी देतात. कातडीत द्यायची असेल तर दर वेळी दोन जागी ०.१ मिलि, दिवस ०, ३, ७ आणि २८. यात एका कुपीत अनेकांचं भागतं, पण फोडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. म्हणून पेशंट जमवत बसतात. दुसरी पद्धत स्नायूत द्यायची. त्यात एका वेळी एक कुपी एका माणसाला, सहसा दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. मोठ्यांना दंडात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, कुल्ल्यात कधीच नाही. सरकारी लस वाया जाऊ नये ही काळजी मला समजते. पण त्यासाठी साडेतीन वर्षांच्या मुलाचा पहिला डोस अडवायचा? स्नायूत देता येते, बाहेरून कुपी विकत आणा, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. औषधाचं दुकान दवाखान्याच्या समोरच होतं.

रात्री बोट सुजलं, सकाळपर्यंत सूज तळहाताच्या मागे आली आणि मुलाला ताप भरला. मग मुलांच्या दवाखान्यात भरती, सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि बोटात पू झालाय का हे बघायला रोज सर्जन. तिथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या काय केलं असेल तर हात नळाखाली धरायला लावला. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. लस आणि सीरम त्याच दिवशी झालं. मुलाचं बोट आज व्यवस्थित आहे, पण आदल्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपलं काम केलं असतं तर त्या सुया आणि त्या रात्री त्याच्या वाट्याला आल्या नसत्या. हे लिहितानाही मला राग येतो.

म्हणून निघण्याआधी फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: लस आहे का, सीरम आहे का, दोन्ही आजच देता का. सीरम छोट्या ठिकाणी बहुतेक नसतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मिळण्याची शक्यता जास्त. उद्या या म्हणाले तर केसपेपरवर तसं कारणासकट लिहून मागा. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त लिहून मागा. असं लिहून मागितल्यावर त्याच दिवशी डोस मिळाल्याचं माझ्या ओळखीत झालेलं आहे. लेकीचं लसीकरणाचं कार्डही न्या म्हणजे धनुर्वाताचं बघता येईल. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, तिखट यातलं काही नको, घट्ट पट्टीही नको.

सासूबाईंना एक गोष्ट शांतपणे समजावून सांगा. माऊ आत्ता तुमच्या डोळ्यासमोर असणं ही लेकीच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधीपासूनच, आणि नंतर ते जनावर लवकरच मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते खाऊन-पिऊन ठणठणीत राहिलं तर त्या चाव्यातून रेबीज होत नाही, आणि पुढचे डोस किती द्यायचे ते डॉक्टर बदलू शकतात. हे गणित फक्त कुत्र्या-मांजरांनाच लागू आहे. आणि लस सुरू करून मग वाट बघायची, आधी वाट बघून मग लस नाही. माऊला मार्केटात सोडलंत तर बघायला काय उरलं? शिवाय जनावर उपाशी मरेल अशा जागी टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आता तिच्या चावण्याबद्दल. नखं कापणं, हाताने न खेळवणं, खेळायला दोरीची काठी वापरणं हे तुम्ही चार वर्षं मांजर पाळलंय म्हणजे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. मला तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी खटकल्या: अचानक महिन्याभरात, आणि गालाला हात लावला की. आमच्या मन्याचं हुबेहूब हेच होतं. सगळे म्हणत होते बोका मस्तावलाय, मुलाचा मत्सर करतो. व्हेटने ओठ वर उचलला तर हिरड्या लालबुंद आणि एक दाढ मुळाशी खाल्लेली. मांजरांमध्ये दात मुळातून झिजत जातो, हे बऱ्याच जणांमध्ये होतं, आणि ते दुखणं मांजर लपवतं. भूल देऊन दाढ काढली आणि काही आठवड्यांत तो पुन्हा मुलाच्या पायाशी झोपायला लागला.

माऊ वाटीपर्यंत जाऊन परत फिरते का, एकाच बाजूने चावते का, दाणे तोंडातून पडतात का, लाळ गळते का, अंग चाटणं कमी झालंय का, बघा. दातांचं दुखणं नसेल तर कान, सांधे, लघवीचा त्रास, काहीही असू शकेल. वागणं अचानक बदललं तर वळण लावण्याआधी तपासणी, हे माझं पक्कं मत आहे. पाण्याचे फवारे, नाकावर टिचकी, कोंडून ठेवणं याने दुखणाऱ्या मांजराची भीतीच वाढते आणि ते इशारा न देता चावायला शिकतं. आणि कृपा करून दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तिला देऊ नका. मांजरासाठी ती विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

तपासणीत काहीच निघालं नाही तर खिडकीकडे बघा. बाहेर एखादा भटका बोका येऊन बसतो का? त्याच्यावरचा राग मांजर जवळ सापडेल त्याच्यावर काढतं, आणि जवळ सापडतं ते मूलच. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवला तरी फरक पडतो. नसबंदी झाली नसेल तर तीही करून घ्या.

तोपर्यंत दोघींना एकत्र सोडायचं नाही. मी स्वयंपाकघरात आहे, त्या हॉलमध्ये आहेत, याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत. मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, नाहीतर मध्ये दार बंद. माऊला लेकीचा हात पोचणार नाही अशी उंच जागा द्या, कपाटावर जुनी गोधडी पुरते. तिचं खाणं आणि मातीचा ट्रे लेकीच्या वाटेतून हलवा. तीन वर्षांच्या मुलीला शेपटीचे फटके, मागे पडलेले कान, पाठीची थरथर कळणार नाही, ते तुम्ही ओळखायचं आणि लेकीला उचलून बाजूला न्यायचं. तिला एवढंच शिकवा की आपण माऊकडे जायचं नाही, माऊ आपल्याकडे आली तर पाठीवरून एक हात फिरवायचा, तोंडाला आणि पोटाला नाही. खाताना किंवा झोपलेली असताना अजिबात नाही. पुन्हा कधी दात लागलेच तर हात हिसडून ओढायचा नाही, त्याने जखम फाटते. तेव्हा तुम्ही हात स्थिर धरा आणि मांजराला सोडू द्या.

एवढं सगळं करून, दुखणं बरं होऊनही ती लेकीवर चालून येत राहिली तर लहान मूल नसलेलं घर शोधा. मी मांजरांवर जीव टाकणारी आहे, तरी हेच सांगेन, आणि त्यात मांजराचंही भलं आहे. ज्यांना द्याल त्यांना चावल्याचं स्पष्ट सांगा, लसीचं कार्ड आणि दातांचे कागद सोबत द्या. मात्र परवापासूनचे दहा दिवस पूर्ण होईपर्यंत कुणी कितीही मागितली तरी देऊ नका.