मधमाश्यांसाठी मिश्र फुलबिया कशा पेराव्यात?

इथलं प्रमाण १० चौरस मीटरच्या वाफ्यासाठी आहे. तयार पाकिटापेक्षा मिश्रण घरीच करा: धणे १० ग्रॅम, बडीशेप ३ ग्रॅम, मोहरी २ ग्रॅम, तुळशीचं बी चिमूटभर, शिवाय एकेरी पाकळ्यांचा झेंडू. गोंड्यासारखा भरगच्च झेंडू नको. त्यातला मध आणि पराग माशीच्या हाती फारसा लागत नाही.

महाराष्ट्रात पाऊस ओसरला की, ऑक्टोबरात पेरा. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा. मग सगळं बी किलोभर कोरड्या वाळूत कालवा, नाहीतर बारीक बी तळाशी बसतं आणि एकाच कोपऱ्यात पडतं. अर्धं मिश्रण उभं फेका, अर्धं आडवं. वरून मातीचा अगदी पातळ थर. तुळस खोल गेली तर उगवतच नाही. सूर्यफुलाच्या १५ बिया मात्र उत्तरेच्या कडेला, इंचभर खोल टोचा, म्हणजे सावली वाफ्यावर पडणार नाही.

पाणी झारीनेच द्या. पाइपच्या धारेने बी वाहून जातं आणि रोपं झुबक्यांनी उगवतात. अशी दाटी झाली तर विरळणी कराच. मोहरी साधारण दीड महिन्यात फुलते, कोथिंबीर तिच्यामागून. सातेरी आणि फुलोरी जातीच्या मधमाश्या त्यावर सकाळपासून येतात. तेव्हा तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तरी कीटकनाशक मारू नका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढा.

पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं बी टेकडीवर, माळावर कृपा करून उधळू नका. तो तिथे पसरतो आणि रानफुलांची जागा घेतो.