तिकीट नसलेलं जुनं पत्र, वर नुसता लाल शिक्का: दुर्मीळ आहे का?

फक्त तिकीट नाही म्हणून पत्र दुर्मीळ ठरत नाही. किंमत ठरते ती गाव, शिक्क्याचा नमुना आणि ठशाची स्पष्टता यांवरून. अशी पत्रं मी बरीच वर्षं जमवतोय, त्यावरून सांगतो. तुम्ही लिहिलंय की शिक्का लाल आहे आणि त्यात गावाच्या नावाखाली ‘पेड’ आहे. कंपनी सरकारच्या टपालात साधारणपणे पैसे आधी भरलेल्या पत्रावर लाल शिक्का मारत आणि ‘बेअरिंग’वर, म्हणजे घेणाऱ्याने पैसे द्यायच्या पत्रावर, काळा. तेव्हा दर वजन आणि अंतर या दोन्हींवर होता. म्हणून कोपऱ्यात शाईने घाईघाईत लिहिलेला आण्यांचा आकडा दिसतो का ते बघा. शिक्क्याइतकाच तो मोलाचा, आणि बनावट करणारे नेमका तोच विसरतात. मुंबई, कलकत्त्याचे शिक्के बरेच मिळतात. खरी मजा छोट्या गावांच्या आणि छावण्यांच्या शिक्क्यांत.

एक मात्र लक्षात घ्या: १ ऑक्टोबर १८५४ ला देशभर तिकिटं आली, तरी बिनतिकिटाची बेअरिंग पत्रं पुढेही जातच राहिली. त्यामुळे पत्र उलगडून आतली तारीख वाचल्याशिवाय ‘तिकिटांपूर्वीचं’ म्हणून पैसे मोजू नका. आणि शिक्का कापून वेगळा तर मुळीच काढू नका, अख्ख्या पत्राचीच किंमत असते.