वाचक विचारतात : खासदाराचं मत नेमकं कुठे सापडतं?

या महिन्यातली बरीच पत्रं खासदारांच्या संसदेतल्या मतदानाबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : २०२० च्या कृषी कायद्यांना आमच्या खासदारांनी पाठिंबा दिला होता की विरोध केला होता? गावात दोन्ही बाजूंची माणसं छातीठोकपणे उलटसुलट सांगतात. सरकारी नोंद कुठे मिळेल? (लातूर)

मिळणार नाही, कारण ती झालेलीच नाही. ते कायदे सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाले. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते मागे घेणारं विधेयकही चर्चेविना, आवाजीनेच मंजूर झालं. कुणी ‘हो’ म्हटलं आणि कुणी ‘नाही’, हे आवाजी मतदानात लिहिलं जात नाही. त्यामुळे या कायद्यांवर ‘अमुक खासदाराने बाजूने मत दिलं’ असं नावानिशी सांगणाऱ्याकडे अधिकृत पुरावा असू शकत नाही. फार तर त्याचं चर्चेतलं भाषण दाखवता येईल.

पद्धत अशी आहे. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकतात आणि ‘बहुमत होकाराच्या बाजूने आहे असं मला वाटतं’ असं जाहीर करतात. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, तर विषय तिथेच संपतो. हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तर लॉबी (सभागृहालगतचे कक्ष) रिकाम्या केल्या जातात, घंटा वाजते आणि साडेतीन मिनिटांनी प्रस्ताव पुन्हा मताला टाकला जातो. तेव्हाही हरकत कायम राहिली, तर यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा लॉबीत जाऊन मतं नोंदवली जातात. इथे लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात. अशा वेळी आकडा मिळतो, नावं मिळत नाहीत.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी नेमका मतविभागणीवरूनच गदारोळ झाला. आम्ही ती मागितली होती, असं विरोधकांचं म्हणणं. मागणी करणाऱ्याने आपल्या जागेवर असायला हवं, असं पीठासीन उपसभापतींचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. महाराष्ट्रातले राजीव सातव त्यांत होते. त्या गोंधळाची नोंद आहे, मतांची नाही. अविश्वासाच्या ठरावासारखा मोठा विषयही असा निसटू शकतो : १० ऑगस्ट २०२३ चा ठराव आवाजीनेच फेटाळला गेला.

याला मोठा अपवाद म्हणजे घटनादुरुस्ती. तिला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात, म्हणून मोजणी होतेच. तेव्हा कुठल्याही वादात आधी विचारा : यावर मतविभागणी झाली होती का?

प्रश्न : मतविभागणी झाली असेल, तर नावांची यादी कशी काढायची? (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्याच शहराशी संबंधित उदाहरण घेऊ. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली. विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी आत वेगळा कोटा नाही, हे कारण त्यांच्या पक्षाने जाहीरपणे दिलं होतं. कारण पटो न पटो, मत आणि वक्तव्य इथे जुळतात. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध ० असं मतदान झालं.

आता यादी. ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर आधी सभागृह निवडा, मग ‘चर्चा’ या विभागात जा. तिथे लोकसभा क्रमांक, अधिवेशन आणि तारीख भरावी लागते. वरच्या उदाहरणासाठी सतरावी लोकसभा, तेरावं अधिवेशन. त्या दिवसाच्या कामकाजाचा पूर्ण वृत्तान्त उघडा आणि विधेयकावरची चर्चा संपते तिथपर्यंत खाली या. मतविभागणीच्या शीर्षकाखाली होकार, नकार आणि तटस्थ अशी नावं असतात.

इथे लोक चार ठिकाणी अडकतात.

एक, नावं. इंग्रजी यादीत आडनाव आधी असतं. नुसतं ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ शोधलंत तर भलत्याच खासदाराचं मत तुमच्या खासदाराच्या खात्यावर जमा होईल. पूर्ण नाव जुळवा.

दोन, तारीख. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं ते मध्यरात्रीनंतर, म्हणून वर्तमानपत्रांत ३ एप्रिल २०२५ दिसतं. बैठक मात्र २ एप्रिलची होती. वृत्तान्त २ तारखेखाली शोधायचा.

तीन, टप्पा. एकाच विधेयकावर मांडणी, विचारार्थ घेणं, कलमं, दुरुस्त्या आणि अखेरची मंजुरी अशी अनेकदा मतं पडू शकतात. ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयकावर १७ डिसेंबर २०२४ रोजी २६९ विरुद्ध १९८ मतं पडली ती फक्त विधेयक मांडू द्यावं की नाही यावर. त्याला साधं बहुमत पुरतं. या आकड्यांवरून ‘विधेयक मंजूर झालं’ असं सांगणारे किंवा ‘दोन तृतीयांश नव्हतं म्हणून पडलं’ असं सांगणारे, दोघंही चुकतात. ते संयुक्त समितीकडे गेलं.

चार, आकडा. त्याच मतदानात यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ दाखवले होते. चिठ्ठ्यांची मतं मिळवल्यावर अंतिम आकडा आला. चुकीचं बटण दाबलं गेलं किंवा यंत्रात मत उमटलं नाही, तर सदस्य चिठ्ठीने दुरुस्ती करू शकतो. अधिकृत वृत्तान्तात अशा नावांपुढे खूण आणि तळटीप असते. टीव्हीच्या पडद्यावरचा पहिला आकडा छापून वाद घालू नका.

प्रश्न : यादीत आमच्या खासदाराचं नाव कुठेच नाही. म्हणजे ते तटस्थ राहिले का? (पनवेल)

नाही. तटस्थ राहायलाही बटण दाबावं लागतं किंवा पिवळी चिठ्ठी भरावी लागते, आणि त्या नावांची नोंद वेगळी होते. तिन्ही रकान्यांत नाव नसेल तर ते सभागृहात नव्हते, सभात्याग करून गेले किंवा बसून राहूनही मत दिलं नाही. यांतलं कोणतं, ते यादी सांगत नाही. हजेरीवरूनही कळत नाही, कारण ती दिवसाची नोंद आहे. सकाळी हजेरी लावून दुपारच्या विमानाने मतदारसंघ गाठणारा सदस्यही कागदावर हजरच.

सभात्याग मात्र वृत्तान्तात ‘अमुक सदस्य सभागृह सोडून गेले’ अशा ओळीने सापडतो, म्हणून मतदानाच्या आधीची पानं वाचा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानापूर्वी सभात्याग केला. एकच पक्ष, एकच विधेयक, दोन सभागृहांत दोन भूमिका. ‘पाठिंबा दिला’ आणि ‘पाठिंबा दिला नाही’ ही दोन्ही वाक्यं अर्धीच खरी. सभागृहाचं नाव घेतल्याशिवाय असं विधान करूच नये.

प्रश्न : सगळेच पक्षादेशाप्रमाणे मत देतात. मग खासदाराचं स्वतःचं मत कळणार कसं? (सांगली)

मतदानावरून क्वचितच कळतं. घटनेच्या १९८५ च्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (पक्षांतरबंदी कायदा) पक्षादेशाविरुद्ध मत देणं किंवा मत न देणं, दोन्हींमुळे सदस्यत्व जाऊ शकतं. आधी परवानगी घेतली असेल किंवा पक्षाने १५ दिवसांत माफ केलं असेल, तरच सुटका. पक्षादेश काढणारा प्रतोद विधिमंडळ पक्षाने (निवडून आलेल्या सदस्यांच्या गटाने) नव्हे, मूळ राजकीय पक्षाने नेमायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या निकालात ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केलं. म्हणून ‘आमच्या खासदाराने शेतकऱ्यांच्या विरोधात मत दिलं’ हे वाक्य बहुतेकदा ‘त्यांच्या पक्षाने’ असं वाचावं लागतं. जबाबदारीतून ते सुटतात असं नाही. पक्ष त्यांनीच निवडलेला असतो.

स्वतःचं डोकं दिसतं ते इतरत्र. पहिली जागा, प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीवर येतात. प्रश्नांची संख्या पाहू नका, विषय पाहा. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, त्यामुळे एका प्रश्नावर अनेक नावं दिसतात. मतदारसंघातल्या धरणाबद्दल, रेल्वेमार्गाबद्दल, कांदा निर्यातीबद्दल एखादा सदस्य वर्षानुवर्षं पाठपुरावा करतो का, हे प्रश्नोत्तरांच्या शोधात त्याचं नाव टाकलं की तासाभरात कळतं.

दुसरी जागा, दुरुस्त्या. ऑगस्ट २०२१ च्या १०५ व्या घटनादुरुस्तीने मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार पुन्हा स्पष्ट केला. तिच्या विरोधात कुठल्याही सभागृहात एकही मत पडलं नाही. अखेरची यादी पाहून त्यातून काहीच निघत नाही. मराठा आरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा होता, आणि ती उठवावी ही मागणी त्याच चर्चेत झाली. कोण त्यावर बोललं, कुणी दुरुस्ती सुचवली, ते तिथे वाचा.

तिसरी जागा, समित्या. तिथे पक्षादेश चालत नाही, पण बैठका बंद दाराआड होतात. अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रं (असहमत सदस्यांची टिपणं) मात्र सही केलेली असतात. वक्फ विधेयकावरच्या ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीच्या अहवालात ती आहेत. टीव्हीवरच्या दहा चर्चांपेक्षा त्यांत जास्त माल आहे.

खासगी विधेयकांना, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांना, आमच्या मते फार वजन देऊ नये. १९५२ पासून अशी १४ विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. मांडायला सोपी, प्रसिद्धीला चांगली. विधेयकाचा मसुदा खरोखर काम करून लिहिलाय का, एवढं पाहा.

प्रश्न : सभागृहाबाहेर पक्षाविरुद्ध बोललं तर खासदारकी जाते का? (फोंडा, गोवा)

नुसत्या टीकेने जात नाही. पण ‘स्वेच्छेने पक्ष सोडणं’ हे राजीनाम्यापुरतं मर्यादित नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिला. तो तुमच्याच गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणातला. त्याच तत्त्वावर डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त जनता दलाचे शरद यादव आणि अली अन्वर यांचं राज्यसभा सदस्यत्व गेलं. विरोधकांच्या पाटण्यातल्या सभेला जाणं त्यांना भोवलं.

उलट सभागृहात बोललेल्या शब्दांवर आणि दिलेल्या मतावर अनुच्छेद १०५ चं संरक्षण आहे. त्यासाठी कोर्टात खेचता येत नाही. तेच वाक्य बाहेर पत्रकारांसमोर उच्चारलं की संरक्षण संपलं. मतासाठी लाच घेतली असेल तर हे कवच चालत नाही, असं ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं आहे.

प्रश्न : खासदाराच्या भाषणाची तीस सेकंदांची क्लिप फिरते आहे. खरी की कापलेली? (नाशिक)

आधी सभागृह आणि तारीख शोधा, मग संसद टीव्हीचं पूर्ण चित्रण आणि लेखी वृत्तान्त दोन्ही पाहा. एकावर विसंबू नका. अध्यक्षांनी कामकाजातून काढलेले शब्द वृत्तान्तात नसतात, त्यांच्या जागी चांदण्या दिसतात. म्हणून क्लिपमध्ये आहे आणि कागदावर नाही एवढ्यावरून क्लिप खोटी ठरत नाही. उलटंही घडतं. वेळ संपल्यावर लोकसभेत लेखी भाषण पटलावर ठेवू देतात. ते वृत्तान्तात छापून येतं, तळटीप असते, पण तोंडातून शब्द निघालेला नसतो. ‘आमच्या साहेबांनी संसदेत गर्जना केली’ अशी पोस्ट दिसली की ही तळटीप आधी शोधा. पहिल्या दिवशी मिळणारा वृत्तान्त बहुधा असंपादित असतो, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : हजेरी ९० टक्के म्हणजे चांगला खासदार ना? (ठाणे)

गैरहजर राहण्यापेक्षा बरा, इतकंच. मंत्री हजेरी नोंदवत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे त्यांचे रकाने रिकामे दिसतात. मंत्री आणि साध्या सदस्यांची एकाच तक्त्यात तुलना करणारा फॉरवर्ड आला तर तो तिथेच थांबवा.

प्रश्न : लोकसभेत विधेयक मांडणाऱ्या मंत्र्यांचंच नाव मतांच्या यादीत नाही. असं कसं? (कोल्हापूर)

ते राज्यसभेचे सदस्य असतील. अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत मात्र स्वतःच्याच सभागृहात देता येतं. त्यांचं मत हवं असेल तर राज्यसभेच्या त्या विधेयकाच्या तारखेचा वृत्तान्त काढा.