जंतू कुठून आला, हे सिद्ध कुणी करायचं?

प्रश्न : मी सरकारी पशुरोग निदान प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस आहे. गाभडलेल्या जनावरांचे नमुने उघडणं, काचसामान धुणं, वाफेनं जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह लावणं ही माझी कामं. जंतू हवेत पसरू न देणारं सेफ्टी कॅबिनेट बंद पडलं तरी काम थांबलं नाही, आम्ही उघड्या टेबलावर नमुने हाताळत राहिलो. पुढे मला संध्याकाळी ताप, रात्री दरदरून घाम आणि कंबर धरलेली असं सुरू झालं. रक्तात ब्रुसेला हा जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू निघाला. साहेब म्हणतात, कच्चं दूध प्यायला असाल. कंत्राटदार म्हणतो, प्रयोगशाळेला विचारा. प्रयोगशाळा म्हणते, तुम्ही आमच्या नोकरीतच नाही. सरकारला जाब विचारायचा तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी औषधाचं. ताप उतरला की गोळ्या सोडून देणारे रुग्ण मी खूप पाहिले. ब्रुसेला पेशींच्या आत दडून राहतो, म्हणून दोन औषधं जोडीनं आणि साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. मधे सोडलीत तर आजार उलटतो. कंबर अजून दुखत असेल तर मणक्याची तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेत जनावरांच्या लसीचे जंतू हाताळले जात असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातला आरबी-५१ हा प्रकार रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देत नाही, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तो सापडतही नाही.

आता कच्च्या दुधाचं. कामगारांच्या आजारांचा डॉक्टर म्हणून मी हा सूर आयुष्यभर ऐकला. कत्तलखान्यातल्या माणसाला विचारतात, घरी शेळी आहे का. गटारात उतरणाऱ्याला विचारतात, पावसात भिजलात का. दूध प्यायलात का हे डॉक्टरनं विचारणं योग्यच आहे, आणि खरं असेल ते तुम्ही सांगा. पण त्याच साहेबांना उलट विचारायला हवं, की कॅबिनेट बंद असताना नमुने कुणाच्या हुकमानं उघडले? प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या जिवाणूसंसर्गांमध्ये ब्रुसेला जगभर सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. अगदी थोडे जंतू श्वासातून गेले तरी पुरतात. उघड्या टेबलावर गाभडलेल्या जनावराच्या वारेचा तुकडा कापणं म्हणजे काय, हे तुमच्या साहेबांना माहीत असणारच.

जेवणाखाण्यावर खापर फोडण्याची रीत जुनी आहे. १९७९च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले. वाऱ्याच्या दिशेला चिनीमातीच्या वस्तूंचा कारखाना होता, तिथले कामगारही त्यात सापडले. किमान ६६ माणसं मेली. सरकारनं दूषित मांसाचं कारण पुढे केलं आणि रुग्णालयातली कागदपत्रं उचलून नेली. फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र ऊतींचे नमुने आणि टिपणं जपून ठेवली. मृतांच्या छातीतल्या ग्रंथींवरून पुढे स्पष्ट झालं, की जंतू श्वासावाटे शिरला होता. १९९२ साली रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराकडे बोट दाखवलं आणि मृतांच्या कुटुंबांसाठी पेन्शनचा कायदा झाला. तेरा वर्षं गेली, पण नमुने नष्ट झाले असते तर मांसाची गोष्टच इतिहासात राहिली असती.

म्हणून तुमच्या रक्तातून जंतू वाढवला गेला असेल तर तो टाकू नका, जपून ठेवा, असं रुग्णालयाला आजच लेखी कळवा. त्याची जनुकीय ओळख पटवून प्रयोगशाळेतल्या जंतूशी ताडून पाहता येते. लसीचा जंतू निघाला तर दुधाचा वाद बहुतेक तिथेच संपेल. कामावर लागताना तुमचं रक्त घेऊन ठेवलं होतं का, हेही विचारा. घेतलं असेल तर आजार नंतर जडला हे दाखवणं सोपं होईल. घेतलं नसेल, तर जोखमीच्या कामावर माणूस लावताना ही साधी काळजीही का घेतली नाही, याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे.

‘भरपाई अपघाताची असते, जंतू म्हणजे काही अपघात नव्हे’ असंही कुणी ऐकवेल. हा मुद्दा इंग्लंडात १९०५ सालीच निकालात निघाला आहे. लोकर निवडणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात अँथ्रॅक्सचा जंतू गेला आणि तो मेला. तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याला कामावरचा अपघात मानलं. पुढच्याच वर्षी तिथल्या भरपाईच्या कायद्यात रोगांची यादी आली आणि तीत अँथ्रॅक्स होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२५च्या करारात तर तीनच नोंदी होत्या : शिसं, पारा आणि अँथ्रॅक्स. या यादीचा उपयोग असा, की रोग यादीत आणि काम त्या जोखमीचं असेल, तर आजार कामातून आला असं धरून चालतात. नेमका कोणता थेंब, कोणता दिवस, हे कामगारानं शोधत बसायचं नसतं. संघटनेच्या २०१०च्या यादीत ब्रुसेलोसिस, म्हणजे तुमचाच आजार, नावानिशी आहे. आपल्या लागू कायद्याच्या परिशिष्टात तो कुठे बसतो, हे वकिलाकडून किंवा युनियनकडून पाहून घ्या.

भरपाई आणि जाब या दोन वाटा वेगळ्या ठेवा. भरपाईच्या अर्जाला मुदत असते, चौकशी संपेपर्यंत तो अडवून ठेवू नका. अर्जात प्रयोगशाळा आणि कंत्राटदार दोघांचीही नावं घाला. पगार कोण देतं हा त्यांच्यातला हिशेब झाला. त्या खोलीची किल्ली, कॅबिनेट आणि कामाचा हुकूम ज्याच्या हातात, त्याची जबाबदारी कंत्राटानं पुसली जात नाही.

जाब विचारताना एक अडचण येईल. इथे सरकार मालकही आहे आणि तपासनीसही. १९७८ साली बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात देवीच्या विषाणूवर काम चालायचं. त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांना देवी आल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. धोकादायक जंतूंसाठी नेमलेल्या सल्लागार गटानं ती प्रयोगशाळा आधी पाहून चालू ठेवायला हरकत घेतली नव्हती. सरकारी चौकशीनं ढिसाळपणा दाखवला, तरी विद्यापीठावरचा खटला टिकला नाही, कारण विषाणू नेमका कोणत्या वाटेनं वर गेला हे ठामपणे दाखवता आलं नाही. यावरून मी एवढंच घेतो, की सगळा डाव जंतूच्या वाटेवर लावू नये. कॅबिनेटची शेवटची तपासणी कधी झाली, बिघाडाची तक्रार कोणत्या तारखेची, दुरुस्तीचा कागद कुणाच्या टेबलावर अडला, तपासनीस कधी येऊन गेला आणि त्यानं काय लिहिलं, याच्या प्रमाणित प्रती माहितीच्या कायद्याखाली मागा. चौकशी त्याच खात्यातल्या माणसानं करू नये, असंही स्पष्ट लिहा. पत्र प्रयोगशाळाप्रमुख, खात्याचे सचिव आणि कामगार सुरक्षेचं निरीक्षण करणारं कार्यालय, तिघांनाही पोच घेऊन द्या. जैविक धोक्यांपासून कामगारांच्या संरक्षणासाठी २०२५च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला आहे, त्याचा उल्लेख करा.

आणि पहिल्याच पत्रात आणखी एक मागणी घाला : त्या टेबलावर जे जे होते, आणि जे शेजारच्या खोलीत बसतात, त्या सगळ्यांचं रक्त तपासा. चीनमधल्या लानझोऊ इथे २०१९ साली लसीच्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं आणि ब्रुसेला हवेतून बाहेर पडला. तपासण्या वाढवत नेल्या तेव्हा बाधितांचा आकडा दहा हजारांवर गेला. लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात, त्यामुळे एकदा तपासून भागणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांत कुणी गरोदर असेल तर पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका. तिला उद्याच डॉक्टरांकडे न्या, या आजारात गर्भपाताचा धोका असतो.