शेतीच्या उत्सर्जनावर काम करायचंय, तर शिकायचं काय?

तुझं पत्र वाचलं. विज्ञान घेऊन शाळा संपत आलीय, देशाच्या शेतीचा कार्बन फुटप्रिंट कमी करण्याच्या कामात उतरायचंय. त्यासाठी विजेवरचे ट्रॅक्टर बनवायला अभियांत्रिकी घ्यावं, की ‘शाश्वत विकास’ नावाची पदवी, असं तू विचारलंस. यात नोकऱ्या आहेत का, असं आईने विचारलंय.

ट्रॅक्टरच्या धुराचा वाटा शेतीच्या उत्सर्जनात लहान असतो. खरं काम आहे ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात (पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यात) आणि पाणी साचलेल्या भातखाचरात तयार होणाऱ्या मिथेनवर, आणि नत्रखतं-शेणखतं घातलेल्या मातीतून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइडवर. १०० वर्षांतल्या तापमानवाढीच्या हिशेबात एक टन मिथेन सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो आणि एक टन नायट्रस ऑक्साइड २७३ टनांना! हे वायू तयार करतात सूक्ष्मजीव. म्हणून पहिली पदवी कृषी, मृदाशास्त्र, पशुपोषण किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांतली घे. शाश्वततेचा अभ्यासक्रम नंतर करता येतो. आधी केलास तर सगळ्यावर बोलता येईल आणि हातात कौशल्य काहीच नसेल.

उदाहरण देतो. भाताला सतत पाणी न ठेवता अधूनमधून खाचर सुकू दिलं की मिथेन बरंच घटतं. पण माती आलटून पालटून ओली-कोरडी झाल्याने नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. दोन्ही मोजल्याशिवाय फायदा किती झाला ते सांगता येत नाही. गाईंच्या खाद्यात मिसळायचं ३-एनओपी नावाचं रसायन दुभत्या गाईंचं मिथेन साधारण ३० टक्क्यांनी कमी करतं. पण ते रोजच्या खाद्यातून जावं लागतं, मग दिवसभर कुरणात चरणाऱ्या गाईला ते द्यायचं कसं? असले प्रश्न आवडत असतील तर हे क्षेत्र तुझं.

आणि एक शाखा आहे, जिच्याकडे मुलं बघतच नाहीत: मोजणी. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, हिच्या उत्सर्जन मोजायच्या सर्वात सोप्या पद्धतीत जनावरांची संख्या गुणिले ठरावीक आकडा, एवढाच हिशेब असतो. शेतकऱ्यांनी खाद्य सुधारलं, मिथेन खरोखर घटलं, तरी देशाच्या वहीत ते दिसतच नाही, कारण गुणायचा आकडा तोच राहतो. तो आकडा आपल्या जनावरांवर, आपल्या मातीवर मोजून काढणारी माणसं लागतात. त्यामुळे संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग सोडू नकोस. माझ्या मते पुढची दहा वर्षं सर्वाधिक मागणी इथेच राहील.

आता आईंसाठी. नोकऱ्या पशुखाद्य, खत आणि दुग्ध कंपन्यांत आहेत, संशोधन संस्थांत आहेत, सरकारच्या उत्सर्जन-नोंदणी विभागांत आहेत. मात्र यातल्या बऱ्याचशा धोरणावर हलतात. डेन्मार्कने २०२४ मध्ये पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावायचं ठरवलं. न्यूझीलंडमध्ये तशीच योजना आखली गेली आणि मागे पडली. म्हणूनच मृदाशास्त्रासारखा पाया सुचवतोय. धोरण फिरलं तरी माती तपासणाऱ्याचं काम थांबत नाही.

अर्ज भरण्याआधी प्रत्येक अभ्यासक्रमाचं विषयपत्रक उघड आणि प्रयोगशाळेचे व शेतावरचे तास मोज. ते नगण्य असतील तर नाव कितीही आकर्षक असो, तो अर्ज बाजूला ठेव. दरम्यान, देश संयुक्त राष्ट्रांना जे उत्सर्जन-अहवाल देतात, त्यातलं कोणत्याही एका देशाचं शेतीचं प्रकरण वाच. कंटाळा न येता संपलं, तर मला पुन्हा लिही. मग विद्यापीठांविषयी बोलू.